राजाछाप रुपया नेमका कितीला पडतो? कोल्हापुरात बसून जुनी नाणी घेण्याच्या मार्गांचा हिशेब

नाणं कितीला मिळालं असं विचारलं की लोक दुकानदाराने सांगितलेला आकडा सांगतात. त्या आकड्यावर मार्गांची तुलना होत नाही. तुलनेसाठी दोन आकडे लागतात. पहिला पोच किंमत: नाणं हातात येऊन, तपासून, खरं ठरेपर्यंत खिशातून गेलेले सगळे पैसे. दुसरा मोड किंमत: तेच नाणं उद्या सकाळी विकायला काढलं तर रोख किती येतील. या दोन्हींतली तफावत म्हणजे त्या मार्गाचा खरा खर्च. गुजरीतला (कोल्हापूरच्या सराफपेठेतला) सराफ, पुण्याचं प्रदर्शन, मुंबईचा लिलाव, मोबाइलवरची जाहिरात, सरकारी टांकसाळ, सगळ्यांना हीच फूटपट्टी लावायची.

उदाहरणासाठी सगळ्यांच्या ओळखीचं नाणं घेऊ, पंचम जॉर्जचा १९१८ चा राजाछाप रुपया. तो भरपूर पाडला गेला, आजही सहज मिळतो, आणि त्याच्या किमतीचा बराचसा भाग चांदीचाच असतो.

आधी चांदीचा तळ काढा

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात १२ भागांत ११ भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून इथे हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला २०० रुपये धरतो. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. १०.६९ गुणिले २०० म्हणजे २,१३८ रुपये. हा तळ. मोडीला देताना झीज आणि घट कापली जाते. ती ५ टक्के धरली तर हातात साधारण २,०३१ येतात.

इथेच पहिली गफलत होते. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. वजन तेच ११.६६ ग्रॅम, आकार तोच, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. आपल्या धरलेल्या भावाने ती १,१६६ रुपयांची. बऱ्याच दुकानांत दोन्ही रुपये एकाच ताटलीत, एकाच दराने असतात. ओळखायचं कडेवरून. नाणं उभं धरून कडेला बोट फिरवा. निम्म्या चांदीच्या रुपयाच्या दातेरी कडेत मधोमध एक खाच गोल फिरलेली दिसते. जुन्या रुपयाची कड सरळ दातेरी असते, खाच नसते. सालावर विसंबण्यापेक्षा ही कड पाहणं बरं, कारण साल घासलं जातं, कड सहसा ओळखू येते.

गुजरी

साधा राजाछाप किंवा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा रुपया) घ्यायचा तर कोल्हापूरकराला गुजरीपेक्षा स्वस्त मार्ग सहसा सापडत नाही. सराफाकडे ही नाणी जुन्या दागिन्यांबरोबर मोडीत येतात आणि तो ती वजनावर विकतो. समजा त्याने २,३०० सांगितले. चांदी म्हणून बिल केलं तर ३ टक्के जीएसटी, ६९ रुपये. पोच किंमत २,३६९. मोड २,०३१. तफावत ३३८ रुपये. प्रवास नाही, कुरिअर नाही, आणि नाणं बोटांत धरून, उलटंपालटं करून घेता येतं.

गुजरीची खरी गंमत पुढेच आहे. सराफ वजन बघतो, साल बघत नाही. पंचम जॉर्जच्या रुपयावर उठावाचा छोटा ठिपका असेल तर तो मुंबई टांकसाळीचा, ठिपका नसेल तर कलकत्त्याचा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून पुढच्या वर्षी तो साचा बदलला. संग्राहक या १९११ ला साध्या सालापेक्षा जास्त मोजतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया तर दुर्मीळच. अशी सालं लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवून ताटली चाळली तर चांदीच्या भावात एखादं चांगलं साल निघू शकतं. ताटली चाळायची तर दुपारच्या निवांत वेळी जा आणि आधी विचारा. गर्दीत कुठल्याही सराफाला ते आवडत नाही.

धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, अक्षय तृतीया, गुढीपाडवा या दिवसांत जाऊ नका. पूजेसाठी राणीछाप हवा असणारे तेव्हा रांगेत असतात आणि चांदीवरचा चढावा वाढतो. सण उलटून पंधरा दिवस झाले की तोच सराफ म्हणतो, "घ्या की, शंभर कमी करतो."

गुजरीत दोन अडचणी. पहिली चकाकीची. विक्रीआधी नाणी रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घासलेली असतात. घासलेल्या रुपयाची चांदी तितकीच राहते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. काळसर, न छेडलेलं नाणं मागून घ्या आणि घरी नेऊनही त्याला हात लावू नका. दुसरी बिलाची. वजन, नग आणि साल लिहिलेलं बिल आग्रहाने मागा. पुढे विकताना तोच कागद कामाला येतो.

पुण्या-मुंबईची प्रदर्शनं

पुण्याला कॉइनेक्ससारखी प्रदर्शनं भरतात. मुंबईतही अधूनमधून व्यापाऱ्यांची टेबलं एका हॉलमध्ये लागतात. एकाच नाण्याचे दहा भाव समोरासमोर दिसतात, म्हणून भाव शिकायला ही जागा उत्तम. पण जाण्यायेण्याचा खर्च नाण्यावर चढवायचा असतो आणि तो कोणी चढवत नाही.

समजा एसटी, रिक्षा, जेवण मिळून १,४०० रुपये गेले. टेबलावर तोच रुपया २,२०० ला मिळाला आणि वर ५ टक्के जीएसटी धरून २,३१० झाले. एकच नाणं आणलं तर पोच किंमत ३,७१०. दहा आणली तर प्रत्येकी २,४५०. म्हणजे दहा नग आणूनही साध्या रुपयात गुजरीच स्वस्त पडली. प्रदर्शनाला जायचं ते अशा नाण्यांसाठी जी कोल्हापुरात दिसतच नाहीत: संस्थानी नाणी, चांगल्या अवस्थेतली शिवराई, शंभू पीरखानी (कोल्हापूर संस्थानचे जुने) रुपये. यादी आणि प्रत्येक नाण्याची कमाल किंमत आधी लिहून न्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर भाव थोडे नरमतात, पण चांगला माल पहिल्या दिवशी सकाळीच उचललेला असतो. दुर्मीळ हवं असेल तर पहिला दिवस, साधं हवं असेल तर शेवटचा.

जीएसटीबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून संग्राह्य नाण्यांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिलावरचा एचएसएन क्रमांक (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) बघा आणि विचारा. चांदी म्हणून विकलं तर ३, संग्राह्य वस्तू म्हणून विकलं तर ५.

लिलाव: हातोड्याचा भाव म्हणजे किंमत नव्हे

मुंबईत टोडीवाला, ओसवाल, राजगोर, बेंगळुरूत मरुधर आर्ट्स, अहमदाबादेत क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, अशा संस्था नाण्यांचे लिलाव करतात आणि घरबसल्या बोली लावता येते. प्रत्येकाचे नियम वेगळे. हातोडा पडला त्या भावावर खरेदीदाराचं कमिशन लागतं, त्यावर जीएसटी, मग पॅकिंग, विमा, कुरिअर. कमिशनचा दर कॅटलॉगच्या नियमांत बारीक अक्षरांत असतो. तो वाचल्याशिवाय बोलीचा विचारही करू नका.

कमिशन १५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि पाठवणी १५० रुपये धरू. आपला राजाछाप २,२०० वर थांबला: कमिशन ३३०, त्यावरचा कर ५९.४०, पाठवणी १५०. पोच किंमत २,७३९.४०. तफावत ७०८, गुजरीच्या दुपटीहून जास्त. साधं नाणं लिलावात घेणं म्हणजे कुरिअरवाल्यासाठी पैसे मोजणं.

दुर्मीळ नाण्यात चित्र उलटतं. २०,००० वर थांबलेल्या नाण्यात कमिशन ३,०००, कर ५४०, पाठवणी १५०, एकूण २३,६९०. तेच नाणं व्यापारी टेबलावर २६,००० सांगत असेल तर लिलाव स्वस्त. शिवाय वर्णन, वजन, फोटो आणि आधीच्या विक्रीची नोंद मिळते, आणि पुढे विकताना या नोंदीलाही किंमत असते.

बोली उलटीकडून काढायची. एकूण २०,००० रुपयेच घालवायचे असतील तर त्यातून पाठवणीचे १५० वजा करा: १९,८५०. याला १.१७७ ने भागा (१५ टक्के कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के कर मिळून १७.७ टक्के). उत्तर १६,८६५. तुमची शेवटची बोली इथे संपली. काही ठिकाणी कर फक्त कमिशनवर न लागता हातोड्याचा भाव आणि कमिशन या पूर्ण रकमेवर लागतो. तिथे ५ टक्के धरून भाजक १.२०७५ होतो आणि मर्यादा १६,४३९ वर येते. हा आकडा कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. समोरचा शंभर-दोनशेने चढत गेला की माणसाचा हात आपोआप उठतो, आणि चढवलेल्या प्रत्येक शंभरामागे प्रत्यक्षात ११८ ते १२१ जातात.

कुरिअरचा खर्च नगावर नसतो, पुडक्यावर असतो. एका लिलावातले तीन-चार लॉट (एका बोलीत मिळणारं नाणं किंवा नाण्यांचा गट) एकत्र पाठवायला सांगितले तर हाच भार वाटला जातो. टपालाने मागवत असाल तर रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. विमा वेगळा मागावा लागतो. पुडकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, वजनकाट्यावर नाणं ठेवेपर्यंत. पुढे वाद झालाच तर तोच एक पुरावा.

टांकसाळीची स्मारक नाणी

सरकारच्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथे आहेत. त्या चालवणारी सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्मारक नाणी आपल्या संकेतस्थळावरून थेट विकते. साधी चकचकीत आवृत्ती आणि आरशासारखी प्रूफ आवृत्ती असे दोन प्रकार असतात. बनावट माल येण्याची भीती नाही, भाव छापील. वाट मात्र पाहावी लागते.

खर्च वाढतो तो घाई करणाऱ्याचा. नाणं जाहीर झालं की पहिल्या काही दिवसांत बाहेरचे विक्रेते टांकसाळीच्या भावावर मोठा चढावा लावून विकतात. नोंदणी उघडी असेपर्यंत बाहेरून घेण्याचं काहीच कारण नाही. नोंदणी बंद झाली तरी थोडं थांबा, कारण लोकांच्या घरी पाकिटं पोचायला लागली की पुरवठा वाढतो.

चांदीच्या हिशेबाने ही नाणी तोलू नका. अनेक वर्षं १०० रुपयांची स्मारक नाणी ३५ ग्रॅमची होती आणि त्यात चांदी ५० टक्के, बाकी तांबं, निकेल, जस्त. म्हणजे १७.५ ग्रॅम शुद्ध, आपल्या भावाने ३,५०० रुपये. पण हा आकडा कागदावरचाच. मिश्रधातू असल्यामुळे सराफ उत्साह दाखवत नाही, आणि २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं गुन्हा आहे. त्या कायद्यातल्या नाण्याच्या व्याख्येत स्मारक नाणीही येतात. यांची मोड किंमत फक्त दुसरा संग्राहकच देणार, तीही मूळ पाकीट आणि प्रमाणपत्रासकट. पाकीट फाडून नाणं बोटाने धरलं की प्रूफवर डाग कायमचा.

लक्ष्मी-गणपतीची चांदीची नाणी आणि बँकांची सोन्याची नाणी या हिशेबात धरत नाही. ती गुंतवणूक किंवा भेटवस्तू आहेत. बँक आपलं सोन्याचं नाणं परत घेत नाही, एवढं माहीत असलं तरी पुरे.

मोबाइलवरच्या जाहिराती

इथे पाठवणी धरूनही पोच किंमत लिलावापेक्षा कमी दिसते, पण बनावट नग हिशेबात धरले की तफावत खूप मोठी निघते. राजाछाप २,६०० अधिक ८० पाठवणी, म्हणजे २,६८० पोच आणि ६४९ तफावत, हे झालं नाणं खरं निघालं तर. पाचांत एक नग बनावट निघून पैसे बुडाले, तर उरलेल्या चारांची खरी किंमत प्रत्येकी ३,३५० पडते. परत घेण्याची अट लेखी नसेल तर हा हिशेब करूनच पुढे जा.

काही माल पाहताक्षणी सोडून द्यायचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ सालची, वर हनुमान, लक्ष्मी किंवा राम-सीता असलेली तांब्या-पितळेची नाणी: कंपनीने देवदेवतांचं असं चलन पाडलंच नाही. देवळांत आणि यात्रांत मिळणाऱ्या रामटंक्यांना (राम-सीतेची चित्रं असलेल्या पूजेच्या नाण्यांना) पुराणकालीन म्हणून खपवतात. १९३९ चा रुपया बराच वेळा १९३८ चा शेवटचा आकडा कोरून केलेला असतो. दहापट भिंगाखाली ९ च्या भोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसतो. आणि कोणी फोनवर तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो म्हणून आधी जीएसटी किंवा कमिशन मागितलं, तर तो फोन तिथेच ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता: बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कुणाला कमिशन घ्यायला नेमलेलंही नाही.

ढिगातली शिवराई

शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची शिवराई, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति", पुढे कितीतरी वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी पाडली गेली. नंतरच्या काळातली दुदांडी (दोन आडव्या रेघांची) शिवराई सगळ्यात जास्त दिसते आणि ढिगाने विकली जाते. ५० नगांचा ढीग ५,००० ला म्हणजे नग १०० रुपये, असं वाटतं. अक्षरं वाचता येतील असे १५ नग निघाले तर खरा दर ३३३. ढीग घेण्याआधी वरवरचे दहा नव्हे, तळातून मूठभर काढून मोजा, त्यात वाचता येणारे किती ते बघा आणि त्या प्रमाणात भाव पाडा. एकच सुबक शिवराई हवी असेल तर ओळखीच्या व्यापाऱ्याकडून एक नग जास्त पैसे देऊन घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ढीग अभ्यासासाठी ठीक. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही शिवराईला लावू नका. तिचा करडा-तपकिरी थर गेला की अक्षरं उठून दिसतात, पण किंमत उतरते.

घरच्या घरी तपासणी

०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला वजनकाटा आणि दहापट भिंग, एवढ्यावर बरंच काम होतं. या साधनांचा खर्च पहिल्या खरेदीवर न टाकता वर्षभराच्या खरेदीवर वाटा.

रुपया आधी कोरडा तोला. वापरलेला नग ११.४ ते ११.६ भरतो. मग काट्यावर छोटा पेला ठेवून त्यात नाणं पूर्ण बुडेल एवढं पाणी घाला आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि वरून धरून पाण्यात सोडा. नाणं तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, अंगाला बुडबुडे चिकटले तर दोरा हलवून घालवा. आता काटा दाखवेल ते नाण्याने सारलेलं पाणी. कोरडं वजन ११.६० आणि हा आकडा १.१२ ते १.१३ असेल तर भागाकार १०.३ च्या आसपास येतो: जुनी, १२ त ११ भागांची चांदी. आकडा १.२२ आला तर भागाकार ९.५, म्हणजे निम्म्या चांदीचा रुपया. १.३० च्या आसपास किंवा वर गेला तर मुलामा दिलेलं तांबं किंवा पितळ समजा. बुडबुडा राहिला की आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं वाटतं, म्हणून तीनदा मोजा. या चाचणीने धातू कळतो. चांदीतच केलेली नक्कल पकडायला भिंग आणि खऱ्या नाण्याचा शेजार लागतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, कधी कडेला साच्याची शिवण.

प्राचीन नाणी घ्यायची तर आधी टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत, आणि खरी झीज कशी दिसते हे फोटोपेक्षा काचेपलीकडच्या वस्तूवरून चांगलं उमगतं. कुर राजांची (सातवाहनकाळातल्या इथल्या राजांची) धनुष्यबाणाची शिशाची नाणी कोल्हापूरच्या मातीतलीच. त्यामुळे "ब्रह्मपुरीतून निघालं" असं सांगत शिशाचे तुकडे विकणारे भेटतात. त्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

गोष्ट खरी असली तर अडचण आणखी मोठी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नांगरताना निघालेली घागर परस्पर विकत घेतली तर नाणी जातात, पैसे जातात आणि वर खटला. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून जुना रुपया प्रतवारीसाठी (तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घेण्यासाठी) परदेशी पाठवण्याचा विचार करताना शुल्क आणि कुरिअर यांच्या आधी त्याचं साल बघा. बाहेरून नाणं मागवताना सीमाशुल्क आणि ते भरून देण्याची कुरिअर कंपनीची वेगळी फी पोच किमतीत आधीच मिळवा.

खरेदी झाली की वहीत त्याच दिवशी लिहा: नाणं, साल, टांकसाळीची खूण, कोरडं वजन, पाण्यातला आकडा, सांगितलेला भाव, कर, कमिशन, पाठवणी, प्रवासाचा वाटा, आणि शेवटी त्या दिवशीची मोड किंमत. नाणं पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका; कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यातून हिरवट चिकट थर धरतो. कागदी चौकटीचा होल्डर किंवा कडक कॅप्सूल घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि जूनच्या सुरुवातीला ती बदला.